आधी काय?

उद्या तात्यांचा दहावा. सकाळी सातची एसटी धरायची म्हणून पिशवी भरत होते. आई गवार मोडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "तू जा. मी न्हाई येत."

का, विचारलं.

"आत्याबाईच्या पाटल्या त्यानंच काढल्या व्हत्या. माझ्या डोळ्यादेखत."

आजीच्या पाटल्या. ढिगाऱ्यातून आजीचा नुसता हातच बाहेर आला होता, हे मला ठाऊक होतं. पाटल्यांचं आज कळलं.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली, आणि पहाटे तीन छप्पन्नला माळवदं खाली आली. दगडमातीच्या त्या जाड भिंती उन्हाळ्यात घर गार ठेवायच्या म्हणून सगळ्यांना भारी कौतुक होतं. मी नऊ वर्षांची. आठवतो तो अंधार, तोंडात गेलेली माती आणि डाव्या मनगटावर बसलेली तात्यांची पकड. ओढताना हात मोडला, तो वाकडाच जुळला. पावसाळ्यात ठणकतो. ठणकला की तात्या आठवायचे, आणि दुखण्याचं काही वाटायचं नाही.

आधी काय केलं त्यांनी? मला काढलं आणि मग पाटल्या दिसल्या, की पाटल्यांसाठी आले आणि मी सापडले?

आईला विचारलं. तिचा पाय वाशाखाली अडकलेला, ती सगळं बघत होती. म्हणाली, "आधी तुला." पण जरा थांबून म्हणाली. ते थांबणं मला संध्याकाळपासून सोडत नाही.

खरं तर राग आईचाच आला. जगात चांगुलपणा आहे का, असं कुणी विचारलं असतं तर मी हा हात पुढे केला असता. माझ्याकडे तेवढा एकच पुरावा होता, तोही आज काढून घेतला. बाबांबद्दल तर मी काही विचारतच नाही.

माऊलींनी दुष्ट मरोत असं मागितलं नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावो एवढंच मागितलं. लहानपणापासून म्हणत आले. पण वाकडेपणा कुठला आणि माणूस कुठला, हे त्या पहाटे कुणी कसं वेगळं करायचं? हात तोच होता. तात्यांची स्वतःची दोन लेकरं पलीकडच्या गल्लीत गाडलेली होती. त्यांच्याकडे ते आधी गेले होते का, हेही आता कुणाला विचारणार?

जेवताना आई आपणहून बोलली. "त्याच साली म्हैस घेतली त्यानं. पत्र्याच्या शेडात होतो तवा रोज सकाळी तांब्याभर दूध आणून ठिवायचा. पैसे घेतले न्हाईत कधी."

"आणि तू ते घेत होतीस?"

"तुझा हात मोडलेला. घेऊ नको तर काय करू?"

म्हणजे आजीच्या पाटल्या फिरून माझ्याच पोटात आल्या. मला रडूही आलं आणि हलकंही वाटलं. चांगलं आणि वाईट दोन्ही आहेत, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पाटल्या काढणं वाईटच. पण दूध वाईट होतं असं मला म्हणता येत नाही.

आता साडेअकरा झालेत. मघाशी अंधारात पुन्हा विचारलं, "आई, आधी मला ना?"

"झोप," म्हणाली. "सातची गाडी हाय."