अलाबामाचे हेड कोच: तक्ता कुठवर आला

तक्ता एकदाचा ब्रायंटच्या पुढे सरकला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, म्हणजे क्रिमसन टाइडच्या, 1892 पासूनच्या सगळ्या हेड कोचांचा (मुख्य प्रशिक्षकांचा) एक मोठा तक्ता हाताने करतोय. प्रत्येकाला एक चौकट, चौकटीत कारकिर्दीची वर्षं आणि विजय-पराभव-बरोबरीचे आकडे. कोण कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे दाखवायला लाल रेघ. पहिली चौकट ई. बी. ब्यूमाँटची. त्याच्यापासून पुढची तीस वर्षं कोच येतात आणि जातात. तिथे मी फार रेंगाळलो नाही.

खरी सुरुवात वॉलेस वेडपासून. 1923 ते 1930, आकडे 61–13–3. 1 जानेवारी 1926 च्या रोझ बाउलमध्ये (‘बाउल’ म्हणजे सीझन संपल्यावरचा खास सामना) वॉशिंग्टनला 20–19 असं हरवलं आणि दक्षिणेतल्या फुटबॉलकडे देशाचं लक्ष गेलं. मला त्याहून आवडतं ते 1930. सीझन सुरू होण्याआधीच याने राजीनामा देऊन ठेवला होता, आणि मग दहाच्या दहा सामने जिंकून हा गृहस्थ ड्यूक विद्यापीठात निघून गेला. जाता जाता रोझ बाउलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला 24–0.

मग फ्रँक थॉमस, 115–24–7. नोत्र दाम विद्यापीठात तिथला नामांकित कोच नूट रॉकनी याच्या हाताखाली खेळलेला, म्हणजे लाल रेघ थेट तिकडून येते. 1943 ला युद्धामुळे संघच उतरला नाही, तेवढी फट चौकटीत रिकामी सोडली आहे. अडचण 1941 ची. त्या वर्षी दोन सामने हरून संघ एपी या वृत्तसंस्थेच्या शेवटच्या क्रमवारीत विसावा होता, तरी विद्यापीठ ते वर्ष आपल्या 18 राष्ट्रीय विजेतेपदांत धरतं. मी त्या वर्षाला विजेतेपदाची चांदणी दिली, पण पोकळ. भरलेली चांदणी द्यायला हात धजावला नाही.

रेड ड्रूची चौकट चटकन झाली. जे. बी. व्हिटवर्थची मात्र मुद्दाम पूर्ण आकाराची काढली: 1955 ते 1957, 4–24–2. पहिल्या वर्षी दहा सामने, दहा पराभव. टस्कलूसाच्या स्टेडियमबाहेर पुतळे आहेत ते विजेतेपद मिळवणाऱ्या पाच कोचांचे. तिथे याला कुठली जागा! पण व्हिटवर्थ वगळला, तर 1958 मध्ये बेअर ब्रायंटला परत का बोलावलं हे कळतच नाही.

ब्रायंटचं काम सोपं गेलं, कारण आकडे स्वच्छ आहेत. अलाबामात 232–46–9 आणि सहा विजेतेपदं. आधीची मेरीलँड, केंटकी आणि टेक्सस ए अँड एमची वर्षं मिळवली की एकूण 323–85–17. शेवटचा सामना 29 डिसेंबर 1982 चा लिबर्टी बाउल, इलिनॉयवर 21–15. त्यानंतर महिन्याभरातच माणूस गेला. त्याची गादी चालवणं म्हणजे काय, ते रे पर्किन्सला विचारावं. ब्रायंट ज्या मनोऱ्यावरून सराव बघायचा, तो मनोराच त्याने हलवला, आणि लोकांनी ते मनात ठेवलं. बिल करी 26–10, पण कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्नशी तीन सामने आणि तिन्ही हरला. अलाबामात असल्या कोचाचं काही खरं नाही.

आता ज्याने सगळा वेळ खाल्ला ते. जीन स्टॅलिंग्ज, 1990 ते 1996. मैदानावर 70–16–1, एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) दप्तरी 62–25. मधली भानगड 1993 ची. अँटोनियो लँगहॅम या खेळाडूने एजंटशी करार केला होता, आणि कॉलेजच्या खेळाडूला ते चालत नव्हतं. ते उघड झाल्यावर त्या सीझनचे आठ विजय आणि एक बरोबरी पराभवात जमा झाली. 9–3–1 चं झालं 1–12. गंमत तिसऱ्या आकड्यात आहे. टेनेसीशी 17–17 सुटलेला सामना कोणीच जिंकला नव्हता, तोही कागदावर हरला, म्हणून स्टॅलिंग्जच्या अधिकृत नोंदीत बरोबरीचा रकानाच उरत नाही.

माइक शूलाचं गणित वेगळं. खेळाडूंनी शिष्यवृत्तीतली पाठ्यपुस्तकं इतरांना मिळवून दिली, त्या प्रकरणात 2005 ते 2007 चे 21 विजय रद्द झाले, पण ते पराभवात गेले नाहीत, नुसते पुसले गेले. त्यातले सोळा शूलाचे, त्यामुळे 26–23 चं 10–23 झालं. उरलेले पाच त्याच्यानंतर आलेल्या निक सेबनच्या पहिल्या वर्षाचे: 7–6 चं 2–6. म्हणून सेबनची अलाबामातली एकूण नोंद अधिकृत 201–29, मैदानावरची 206–29. एकाच विद्यापीठात शिक्षेच्या दोन तऱ्हा, आणि दोन्हींची बेरीज एका रकान्यात बसत नाही.

शेवटी दोन ओळी केल्या. वर काळ्या शाईत मैदानावरचं, खाली निळ्या शाईत दप्तरातलं. माझं मत विचाराल तर वरची ओळ खरी. सामना बघणाऱ्याने जे बघितलं ते समितीच्या ठरावाने न बघितलेलं होत नाही. पण निळी ओळ गाळली तर तक्ता भक्ताचा होईल, म्हणून ती राहणार. बाकी कोणाला ती नकोच वाटत असेल, तर कारण सांगा, ऐकतो.

माइक प्राइसला चौकट द्यावी का? डिसेंबर 2002 मध्ये नेमला, मे 2003 मध्ये काढला, सामना एकही नाही. त्याला तुटक रेषेची चौकट दिली, आकड्यांच्या जागी आडवी रेघ. शूला गेल्यावर 2006 चा इंडिपेंडन्स बाउल सांभाळणाऱ्या जो काइन्सला छोटी चौकट. तो सामना ओक्लाहोमा स्टेटने 34–31 जिंकला. सेबनच्या जागी आलेल्या केलन डिबोरची चौकट पेन्सिलीत आहे.

सध्या लाल रेघा ओढतोय. रॉकनी, थॉमस, ब्रायंट, स्टॅलिंग्ज ही सरळ उभी ओळ झकास दिसते. थॉमसच्या संघात ब्रायंट खेळला, ब्रायंटकडे टेक्सस ए अँड एममध्ये स्टॅलिंग्ज. आणि स्टॅलिंग्जच्या 1992 च्या विजेत्या संघातला डॅबो स्विनी पुढे क्लेम्सनचा कोच होऊन सेबनलाच दोन फायनलमध्ये हरवतो! ती रेघ तक्त्याबाहेर जाते. सेबनचा शिष्य कर्बी स्मार्टही जॉर्जियात बसलाय, त्याचीही तीच गत. उजवीकडे आणखी एक कागद जोडावा लागणार, आणि डिंकाने जोडलेला भाग फुगतो. कापडी पट्टी लावून कोणी जोड दिला असेल, तर पट्टी मागून लावली की पुढून, ते कळवा.