असुराची प्रार्थना
आज लोकलमध्ये चक्क खिडकी मिळाली, म्हणून भागवताचा सहावा स्कंध उघडला. वृत्रासुर म्हणजे इंद्राने मारलेला असुर, एवढंच डोक्यात होतं.

इथे तर दधीचींच्या हाडांचं वज्र घेऊन इंद्र समोर उभा, आणि हा भर रणात भगवंताला सांगतोय: स्वर्ग नको, ब्रह्मपद नको, मोक्षही नको. पंख न फुटलेली पिल्लं आईची वाट बघतात, तसं मन तुझी वाट बघतंय!

पुढे याचा एक हात तुटतो, तरी इंद्राच्याच हातून वज्र गळून पडतं. इंद्र लाजून उभा. तर हा म्हणतो, उचल ते, ही खंत करायची वेळ नाही. खरं सांगायचं तर त्या प्रसंगात मला देवांचा राजाच खुजा वाटला.

असुराकडे ही भक्ती आली कुठून, हे भागवत ऐकणाऱ्या परीक्षित राजानेही विचारलंच. उत्तरात चित्रकेतू राजाची, म्हणजे वृत्राच्याच मागच्या जन्माची गोष्ट आहे. ती अर्धी झाली आणि ठाणं आलं.