सीकॉकसमधली ८० खोकी

काल रात्री परत एकदा सीकॉकसची गोष्ट वाचत बसलो आणि झोपेचं खोबरं झालं. १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या या गावी वॉर्नर ब्रदर्सच्या म्युझिक कंपनीच्या गोडाऊनमध्ये ८० च्या आसपास खोकी सापडली, आणि आत काय तर जॉर्ज गर्श्विन, जेरोम कर्न, कोल पोर्टर, रिचर्ड रॉजर्स या अमेरिकन म्युझिकल्सच्या (म्हणजे तिकडच्या संगीत नाटकांच्या) दिग्गज संगीतकारांची मूळ हस्तलिखितं!

मुळात लोचा असा की गाणं हिट झालं की पियानो आणि आवाजापुरतं छापून विकलं जायचं, पण ऑर्केस्ट्रात कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते कागद बहुतेकदा हातानेच लिहिलेले, शो बंद पडला की ते कुणाला हवेत, गेले माळ्यावर नाहीतर कचऱ्यात. म्हणून आज १९२०-३० च्या काळातलं म्युझिकल जसंच्या तसं वाजवायचं तर असली खोकीच कामी येतात.

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने गर्श्विन बंधूंचं केवढंतरी मटेरियल जपलंय, जॉर्जचा पियानोसुद्धा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी तर १९७० पासून थिएटरात जाऊन चालू शोच शूट करून ठेवते, पण बघायचं तर तिथेच जाऊन बसायचं, घरी ऑनलाइन वगैरे विसरा. जरा जाचक वाटतं खरं, पण कलाकारांच्या युनियन्सची परवानगीच तशा अटींवर आहे म्हटल्यावर काय बोलणार.