आमच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म बी : माझा अनुभव

आमच्या वृद्धाश्रमात रात्री दोन मावशी कामावर असतात आणि चोवीस जण झोपलेले असतात. त्यातले सात अंथरुणाला खिळलेले. व्यवस्थापक म्हणून हे आकडे मला तोंडपाठ होते, पण रात्री आग लागली तर काय, हा हिशेब मी कधी केलाच नव्हता. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला. दोन्हीकडे स्वतःच्या पायांनी बाहेर न पडू शकणारी माणसं होती. तेव्हापासून मला नीट झोप लागेना.

आपल्याकडे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सी आगीपासून बचावाची यंत्रणा बसवते आणि तसा दाखला म्हणून फॉर्म ए देते. पुढे दर जानेवारी आणि जुलैमध्ये ती यंत्रणा सुस्थितीत असल्याचा एजन्सीचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, मालकाने सादर करायचा. राष्ट्रीय इमारत संहितेत तर वृद्धाश्रम रुग्णालयांसारखाच ‘संस्थात्मक’ वर्गात येतो. आमच्याकडे मात्र जुन्या बंगल्यात टांगलेली आग विझवायची चार सिलिंडरं, त्यातल्या दोघांचा दाबाचा काटा लाल पट्ट्यात.

पहिल्या एजन्सीने व्हॉट्सअॅपवर फोटो मागवले आणि न येताच फॉर्म बी द्यायची तयारी दाखवली. पैसेही कमी सांगितले. मी नाही म्हटलं. तो कागद फाइलला लागला असता, पण मावशींच्या काय कामाचा?

दुसऱ्या एजन्सीचे गृहस्थ आले ते थेट मागच्या दारापाशी गेले. तिथे सरकता लोखंडी दरवाजा, त्याला कुलूप, आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. मी सांगितलं, आमचे एक आजोबा विस्मरणाने रात्री-अपरात्री उठून चालू लागतात; एकदा पार हायवेपर्यंत गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “धूर झाल्यावर मावशी ड्रॉवर शोधतील का?”

या एका कुलपावर आमचे तीन आठवडे गेले. आजोबांच्या मुलाचा कुलूप काढायला ठाम विरोध होता, आणि त्याची भीती मला पटत होती. शेवटी कुलूप काढून आतून कडी ठेवली आणि दाराला सेन्सर बसवला. दार सरकलं की मावशींच्या खोलीत घंटा वाजते. आवाराच्या फाटकाशी रात्री वॉचमन ठेवला. त्याचा पगार दरमहा द्यावा लागतो, पण तो खर्च मला कधी जड वाटला नाही.

बाकीची कामं सरळ होती : धुराचे डिटेक्टर, नवी वायरिंग, स्वयंपाकघरातला गॅस बाहेरच्या जाळीत, पाणी तापवायचे रॉड खोल्यांतून बंद. न चालणाऱ्या सगळ्यांना तळमजल्यावर आणलं. एका आजींना वरची खिडकी सोडायची नव्हती. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत, आणि मला त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

मग तालीम. अंथरुणावरच्या माणसाला उचलायचं नाही. गादीच्या खालून चादर घालायची, तिची डोक्याकडची दोन्ही टोकं मनगटाभोवती गुंडाळायची आणि गादीसकट जमिनीवरून ओढायचं. पहिल्यांदा गादीवर मीच झोपलो. बारीक अंगाच्या मावशींनी मला एकटीने व्हरांड्यापर्यंत नेलं. रात्रीच्या पहिल्या तालमीत सातही जण बाहेर यायला १९ मिनिटं लागली, तिसऱ्या वेळी ८. मला अजून कमी हवीत.

सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याच फॉर्मवर नव्हती. एक आजी पहाटे खाटेशेजारच्या स्टुलावर निरांजन लावायच्या, नायलॉनच्या पडद्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर. पडद्याच्या कडेला तपकिरी डाग पडला होता, तो मी बोट लावून पाहिला. कापड तिथे कडक झालं होतं. आजी म्हणाल्या, “चाळीस वर्षं लावतेय रे.” मी खाली हॉलमध्ये फरशीचा देव्हारा करून दिला. तिथे यायला त्या तयार झाल्या, पण त्यांची अट होती : कुणीतरी हात धरून न्यायचं, रोज, उशीर न करता.

साडेपाचला मावशी त्यांना घेऊन येतात. वात विझेपर्यंत दोघी तिथेच बसतात.