तुम्ही विचारलंत म्हणून: सीए १९-९ वाढलं म्हणजे कॅन्सरच का?

सीए १९-९ ही रक्तातली एक टेस्ट, स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी बघतात ती. लॅबच्या काउंटरला बसलं की हा प्रश्न येतोच, "मॅडम, सीए १९-९ वाढलंय, म्हणजे कॅन्सरच ना?" मागे एका काकांनी तर ते एकोणीस पॉइंट नऊ असं वाचलं, रेंज ३७ पर्यंत दिलीये म्हणजे नॉर्मलच की, असं म्हणून निघालेसुद्धा होते. खरा आकडा शेजारच्या रकान्यात होता, २१२.

तर १९-९ हे एका अँटिबॉडीच्या (शरीर परक्या गोष्टीला चिकटायला बनवतं ते प्रोटीन) नंबराचं शेपूट आहे. १९७९ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये कोप्रोव्स्की या शास्त्रज्ञांच्या टीमनं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी उंदरांना टोचून अँटिबॉडी मिळवल्या, त्यातली ही एक. ती पेशीवर नेमकी कशाला चिकटते हे शोधलं तर निघालं ग्लायकोलिपिड, म्हणजे फॅटचं बूड पेशीच्या भिंतीत रुतलेलं आणि वर साखरेची छोटी साखळी. (रक्तात मात्र हीच साखळी बहुतेक म्युसिन नावाच्या मोठाल्या प्रोटीनवर बसून फिरते, आणि टेस्ट मोजते ती हीच.)

आता गंमत अशी की ही साखळी स्वादुपिंडाच्या, पित्तनळीच्या निरोगी पेशीपण थोडीथोडी बनवतात, त्यामुळे नळीत खडा अडकून पित्त तुंबलं की कॅन्सर नसतानाही आकडा चढतो, म्हणून मी आधी बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पित्तातलं पिवळं द्रव्य, बघते. काकांचं ९ होतं आणि डोळे हळदीसारखे पिवळे. खडा काढला, कावीळ उतरली, मग सीए १९-९ परत तपासलं तर २४.

उलटंही होतं. लुईस नावाचा एक रक्तगट असतो, साधारण ५ ते १० टक्के लोक त्यात निगेटिव्ह, त्यांच्याकडे ही साखळी पुरी करणारं एन्झाइमच नसतं. अशा माणसाला स्वादुपिंडाचा कॅन्सर असला तरी आकडा जवळजवळ शून्य येऊ शकतो. म्हणून काही त्रास नसताना फुल बॉडी पॅकेजात ही टेस्ट घुसवलेली दिसली की माझं डोकंच फिरतं, उगाच एकाची झोप उडते आणि दुसरा निर्धास्त होतो.

निदान झालेल्या पेशंटला मात्र ती खरंच कामाची आहे, ऑपरेशनच्या आधी किती, नंतर किती, केमोत उतरतंय का, फक्त दरवेळी एकाच लॅबमधून करा कारण किट बदललं की आकडापण बदलतो.

काका हल्ली शुगर तपासायला येतात, तरी पहिला प्रश्न ठरलेला, "बिलिरुबिन लावलंत ना?"