नामुगोंगोचा हिशेब

प्रत्येक टूर मॅनेजरचं एक पाठ भाषण असतं. युगांडातल्या नामुगोंगो या तीर्थस्थळाचं माझंही होतं: युगांडाचे 22 कॅथलिक हुतात्मे, दुष्ट राजा म्वांगा, 3 जून 1886, मग फोटोंना पंधरा मिनिटं.

त्या दिवशी वसईचा ग्रुप होता. हुतात्मा संत गोन्सालो गार्सियांच्या गावची माणसं, हुतात्म्यांबद्दल त्यांना मी काय सांगणार! बॅसिलिकाचे 22 तांब्याचे खांब मोजून झाले. 1964 साली पोप सहावे पॉल यांनी या हुतात्म्यांना संत घोषित केलं, तेही सांगून झालं. मग जवळच्या अँग्लिकन स्मारकात गेलो, तर तिथे त्यांचे 23 हुतात्मे वेगळे.

एक आजी म्हणाल्या, "अरे बाळा, यांना जाळलं ते एकाच सरणावर ना? मग तू अर्धेच कसे सांगितलेस?"

काय बोलणार? बोरूच्या चटयांत गुंडाळून जाळलेल्या त्या राजवाड्यातल्या हुजऱ्यांत दोन्ही पंथांची पोरं होती.

बसमध्ये चढताना आमचा मुसलमान ड्रायव्हर हसत म्हणाला, "सेबो (म्हणजे साहेब), आमचे तर तुम्ही धरलेच नाहीत." म्वांगाच्या बापाने, मुतेसाने, दहाएक वर्षं आधी मुसलमान हुजरे मारले होते. सुंता न झालेल्या राजामागे नमाज पढणार नाही, दरबारी खाटकाचं मांस खाणार नाही, हा त्यांचा गुन्हा. त्यांच्याकडे आकडा सत्तरच्या आसपास सांगतात.

आता आजी माझ्यावरच घसरल्या. "मग हे राजे वेडे होते काय?"

पाठ भाषणात याचं उत्तर नव्हतं. म्हटलं, म्वांगा तेव्हा जेमतेम अठराचा. किनाऱ्यावर जर्मन आलेले. पूर्वेच्या वाटेने त्याच्या राज्याकडे, बुगांडाकडे निघालेल्या बिशप हॅनिंग्टनला त्याने ऑक्टोबर 1885 मध्येच मारवलं होतं. आणि दरबारातली पोरं राजाआधी मिशनऱ्यांचं ऐकू लागलेली. मिशनऱ्यांच्या कथेत मुख्य कारण एकच, त्यांनी राजाची वासना पुरवायला नकार दिला. ते खोटं नसावं, पण परक्यांच्या हाती सत्ता जाण्याच्या भीतीशिवाय एवढी माणसं जाळली गेली असती, असं मला वाटत नाही.

"त्याचं पुढे काय झालं?"

"इंग्रजांनी 1899 मध्ये सेशेल्सला धाडलं. तिथे बाप्तिस्मा घेऊन दानिएल झाला. 1903 मध्ये वारला."

"म्हणजे आपल्यातलाच झाला की," आजी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

पुढच्या ग्रुपपासून परतीच्या वाटेवर माइक मी ड्रायव्हरकडे देतो. ऑफिसला ते आवडलेलं नाही.