अठरा नखांची मोजणी

शासकीय पशुवैद्यक म्हणून माझी बहुतेक नोकरी गाई-बैलांच्या उपचारांत गेली. परंतु चंद्रपूर जिल्ह्यात असताना वाघिणीच्या शवविच्छेदनाच्या पथकात माझे नाव आले, तो दिवस मला बारीकसारीक तपशिलांसह आठवतो. धान कापणीला आले होते. व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्राला लागून असलेल्या नाल्यात ती मृत आढळली होती आणि अंधार पडल्यामुळे वनरक्षकांनी रात्रभर तिच्याजवळ पहारा दिला होता.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीने अस्तित्वात आलेल्या राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने अशा प्रसंगासाठी कार्यपद्धती घालून दिली आहे. तिचा पायाच मला मोलाचा वाटतो: दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत वाघाचा मृत्यू शिकारीमुळेच झाला, असे धरून चालायचे. त्या सकाळी ही अट नसती, तर मानेवरच्या आणि मांडीवरच्या जखमा पाहून ‘झुंजीत मेली’ अशी नोंद करून आम्ही परतलो असतो, कारण नाल्याकाठी जमलेल्या बहुतेकांचे मत तेच होते.

प्राधिकरणाच्या प्रतिनिधीसमोर छायाचित्रण सुरू झाले. मेटल डिटेक्टर फिरवला. शरीरात गोळी नव्हती, फासाची तारही नव्हती. मग मोजणी झाली. पुढच्या पंजांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार अशी १८ नखे, चार सुळे आणि मिशा, सगळे जागेवर होते. एवढ्या देखण्या जनावराचे एकेक नख मोजताना हात जड होतो. पण एक नख जरी तिथून नाहीसे झाले, तरी ते बाजारातच पोहोचते.

जखमांच्या कडांना रक्त साकळलेले नव्हते, म्हणजे त्या मृत्यूनंतरच्या होत्या. उजव्या पुढच्या पंजाच्या गादीवर मात्र फिकट, कडक काठांचा लहानसा खळगा होता आणि भोवतालचे केस करपले होते. हृदयातले रक्त काळपट, न गोठलेले होते. मी ‘वीजप्रवाह’ म्हणताच वनपाल दोघांना घेऊन शेताच्या धुऱ्याकडे गेले आणि तासाभरात परतले: खुंट्या उपटल्याची ताजी छिद्रे, करपलेले गवत आणि नाल्याकडे ओढत नेल्याची खूण. रानडुकरांसाठी तारेत वीज सोडली होती. वर्षाचे पीक एका रात्रीत उद्ध्वस्त होते, हे मी पाहिले आहे. तरीही अशा तारेला चिकटून शेजारचा शेतकरीही मेल्याची उदाहरणे याच भागात आहेत.

व्हिसेऱ्याचे, म्हणजे पोटातल्या-छातीतल्या अवयवांचे, नमुने सीलबंद करत असताना माझ्या सहकाऱ्याने तिच्या स्तनांकडे बोट दाखवले. दाबताच दूध आले.

पुढचे सगळे भराभर झाले. पोरक्या बछड्यांसाठीही प्राधिकरणाची स्वतंत्र कार्यपद्धती आहे. तिच्यानुसार जंगलाच्या कोणत्या कक्षात कोण जाणार, कॅमेरे कुठे लागणार, हे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी तिथेच ठरवले. अंगावरच्या पट्ट्यांची छायाचित्रे कॅमेरा ट्रॅपच्या जुन्या नोंदींशी जुळवल्यावर ती कुठे वावरत असे, हे कळले. कातड्या-हाडांसह तिचे संपूर्ण दहन होऊन राख होईपर्यंत आम्ही थांबलो आणि विजेरीच्या उजेडात पंचनाम्यावर सह्या केल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे वनपालांचा फोन आला. बांबूच्या रांजीत दोन बछडे सापडले होते, अशक्त पण जिवंत, आणि त्यांना आधी काय पाजावे, एवढेच ते घाईघाईने विचारत होते.